दूरस्थ अँटेना ट्यूनर

दूरस्थ अँटेना ट्यूनर हे हौशी रेडिओ केंद्रात प्रेषक आणि अँटेना यांच्यातील संरोधाचा मेळ घालण्यासाठी वापरले जाणारे उपकरण आहे. साधा ट्यूनर प्रेषकाशेजारी टेबलावर ठेवलेला असतो. दूरस्थ ट्यूनर मात्र घराबाहेर, अँटेनाच्या जवळ बसवून दुरून चालवला जातो. एकाच द्विध्रुव अँटेनावर अनेक वारंवारता पट्ट्यांत काम करावयाचे असल्यास ट्यूनर नेमका कोठे बसवावा, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. प्रेषकातून निघालेल्या शक्तीपैकी किती भाग हवेत जातो आणि किती भाग केबलमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जातो, हे बव्हंशी या जागेवर ठरते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे तांत्रिक स्वरूप, उपलब्ध पर्याय आणि त्यांची तुलना दिली असून, पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या परिस्थितीत हे पर्याय कसे लागू पडतात याचाही विचार केला आहे.

पार्श्वभूमी

द्विध्रुव अँटेना, ज्याला डायपोल असेही म्हणतात, हा रेडिओ अँटेनांचा सर्वांत जुना प्रकार होय. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्‌झ यांनी १८८६ ते १८८८ या काळात विद्युतचुंबकीय लहरींवर केलेल्या प्रयोगांत त्याचे आद्य रूप वापरले होते. समान लांबीच्या दोन तारा एका रेषेत ताणून त्यांच्या मध्यभागी, म्हणजे पोषणबिंदूपाशी, प्रेषकाकडून येणारी वाहिनी जोडली की द्विध्रुव तयार होतो. अर्ध्या तरंगलांबीच्या द्विध्रुवाची एकूण लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ या संख्येस मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागतात. या हिशेबाने ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे २०.१ मीटर तार, म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे १०.०५ मीटर तार लागते.

अशा द्विध्रुवाचा पोषणबिंदूवरील संरोध मोकळ्या अवकाशात सुमारे ७३ ओम असतो. जमिनीपासूनची उंची आणि तारांचा उतार यांनुसार तो बदलतो. मधला खांब उंच आणि दोन्ही टोके खाली अशी उलट्या ‘व्ही’ची रचना केल्यास तो ५० ओमच्या जवळ येतो. आधुनिक प्रेषक आणि समाक्ष केबल ५० ओमसाठीच बनवलेले असल्याने, एका पट्ट्यापुरता विचार केल्यास येथे ट्यूनरची गरज भासत नाही. अडचण सुरू होते ती हाच द्विध्रुव दुसऱ्या पट्ट्यावर वापरताना. १४.२ मेगाहर्ट्‌झवर २० मीटरची हीच तार पूर्ण तरंगलांबीएवढी होते आणि तिचा संरोध काही हजार ओमपर्यंत चढतो. ३.६ मेगाहर्ट्‌झवर ती पाव तरंगलांबीएवढीच उरते. तेथे प्रत्यक्ष रोध सुमारे १२ ओम आणि धारित्रीय प्रतिघात सुमारे १,००० ओम असा अत्यंत विषम संरोध दिसतो.

कार्यतत्त्व

वाहिनीचा स्वतःचा संरोध आणि तिच्या टोकाशी जोडलेल्या अँटेनाचा संरोध वेगळे असतील, तर अँटेनाकडे गेलेल्या लहरीचा काही भाग परावर्तित होऊन मागे येतो. पुढे जाणारी व परत येणारी लहर मिळून वाहिनीवर स्थायी तरंग निर्माण होतात. त्यांच्या कमाल आणि किमान दाबाच्या गुणोत्तरास स्थायी तरंग गुणोत्तर म्हणतात. हौशी मंडळींत ते एसडब्ल्यूआर या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. मेळ अचूक असेल तर हे गुणोत्तर १ असते. ५० ओमच्या केबलला ३,००० ओमचा अँटेना जोडल्यास ते ६० होते.

ट्यूनरमध्ये वेटोळी आणि धारित्रे यांचे जाळे असते. स्वयंचलित ट्यूनरमध्ये रिलेच्या साहाय्याने त्यांची वेगवेगळी जुळणी करून योग्य मेळ शोधला जातो. मेळ बसला की प्रेषकाला ट्यूनरच्या जागी ५० ओमचा भार दिसतो आणि तो पूर्ण शक्ती देऊ शकतो. मात्र ट्यूनर फक्त आपल्या प्रेषकाकडील बाजूचे स्थायी तरंग नाहीसे करतो. त्याच्या अँटेनाकडील बाजूस, म्हणजे ट्यूनर आणि पोषणबिंदू यांच्यामधील वाहिनीवर, ते पूर्ववत राहतात. जागेचा सारा प्रश्न या एका वस्तुस्थितीतून उद्भवतो.

परावर्तित शक्ती आपोआप नष्ट होत नाही. ट्यूनरपाशी ती पुन्हा परावर्तित होऊन अँटेनाकडे जाते आणि अशा फेऱ्या चालू राहतात. वाहिनीत मुळीच क्षय नसता, तर अखेरीस सर्व शक्ती अँटेनात पोहोचली असती. अमेरिकन अभियंते वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून ‘क्यूएसटी’ या मासिकातील लेखमालेत हा मुद्दा विस्ताराने मांडला. परंतु प्रत्यक्षातील प्रत्येक केबलमध्ये क्षय असतोच आणि लहरीच्या प्रत्येक फेरीत तो नव्याने द्यावा लागतो. जितके गुणोत्तर मोठे आणि जितकी केबल लांब व बारीक, तितका हा दंड वाढत जातो.

केबलमधील क्षय आणि मापकाची दिशाभूल

१४ मेगाहर्ट्‌झवर आरजी-५८ या बारीक समाक्ष केबलमध्ये १०० मीटरला सुमारे ५.५ डेसिबल, तर आरजी-२१३ या जाड केबलमध्ये सुमारे २.४ डेसिबल क्षय होतो. हे आकडे मेळ अचूक असतानाचे आहेत. ३० मीटर लांबीसाठी ते अनुक्रमे सुमारे १.६५ आणि ०.७२ डेसिबल होतात. गुणोत्तर ६० असताना मात्र त्याच ३० मीटरमध्ये आरजी-५८ मधील क्षय सुमारे ११ डेसिबल आणि आरजी-२१३ मधील क्षय सुमारे ७.८ डेसिबलपर्यंत जातो. १०० वॅटपैकी पहिल्या केबलमधून सुमारे ८ वॅट आणि दुसरीतून सुमारे १७ वॅट अँटेनापर्यंत पोहोचतात.

या नुकसानीची खूण खोलीतील मापकावर स्पष्ट उमटत नाही. आरजी-५८ केबलच्या अँटेनाकडील टोकाला गुणोत्तर ६० असले, तरी परत येणारी लहर वाटेतच क्षीण झाल्याने खोलीतील टोकाला ते केवळ ५ च्या आसपास दिसते. आरजी-२१३ केबलवर ते सुमारे १० दिसते. म्हणजे केबल जितकी निकृष्ट, तितका मापकावरील आकडा चांगला. टेबलावरचा ट्यूनर पाचचे गुणोत्तर सहज एकावर आणतो आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो.

ग्रहणातही हा दोष लवकर लक्षात येत नाही. लघुलहरींवर वातावरणातील खरखर ग्राहकाच्या अंतर्गत गोंगाटापेक्षा बरीच मोठी असते. केबलमध्ये संदेश आणि खरखर दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. त्यामुळे दूरची केंद्रे नीट ऐकू येतात. अशा केंद्राचा चालक सर्वांना ऐकतो, पण त्याला मात्र फारसे कोणी ऐकत नाही.

स्थानाचे पर्याय

प्रेषकाशेजारी, समाक्ष केबलसह

सर्वांत सोपी आणि सर्वाधिक प्रचलित रचना. ट्यूनर कोरड्या जागी, हाताशी राहतो आणि दुरुस्ती सुलभ असते. अँटेना वापरातील पट्ट्यावर जवळजवळ जुळलेला असेल तर ती पुरेशी आहे. उदाहरणार्थ, ७ मेगाहर्ट्‌झवर गुणोत्तर ३ असताना आरजी-५८ च्या ३० मीटर केबलमधील अतिरिक्त क्षय जेमतेम ०.६ डेसिबल असतो. अनेक प्रेषकांच्या पोटातील ट्यूनर साधारण ३ पर्यंतच्या गुणोत्तरासाठीच बनवलेले असतात. द्विध्रुव मूळ पट्ट्याबाहेर वापरावयाचा असल्यास मात्र ही रचना टाळावी.

प्रेषकाशेजारी, समांतर वाहिनीसह

समांतर वाहिनीत दोन तारा ठरावीक अंतरावर धरलेल्या असतात. शिडीसारख्या दिसण्यावरून तिला लॅडर लाइन म्हणतात. तिचा संरोध साधारण ४५० ते ६०० ओम असून क्षय फारच कमी असतो. ३,००० ओमचा अँटेना ४५० ओमच्या वाहिनीला जोडल्यास गुणोत्तर सुमारे ६.७ येते आणि ३० मीटरमध्ये एकूण क्षय सुमारे ०.३ डेसिबलच होतो. केवळ कार्यक्षमतेचा विचार केल्यास हा पर्याय उत्तम ठरतो. अडचण आहे ती वाहिनी घरात आणण्याची. भिंतीतील सळया, खिडकीचे गज, पत्रा आणि विजेच्या तारा यांच्या सान्निध्याने तिचा समतोल बिघडतो. अशा घरांसाठीच दूरस्थ ट्यूनर उपयोगी ठरतो.

खांबाच्या पायथ्याशी

येथे घरापासून खांबापर्यंत समाक्ष केबल येते, ट्यूनर खांबाच्या तळाशी पेटीत असतो आणि तेथून पोषणबिंदूपर्यंत दुसरी वाहिनी वर जाते. ही दुसरी वाहिनी कोणती आहे, यावर या रचनेचे यश अवलंबून असते. ती समांतर तारांची असेल तर क्षय नगण्य राहतो. तेथेही समाक्ष केबलच वापरली तर केवळ १० मीटर आरजी-२१३ मध्ये, वरील उदाहरणातील संरोधास, सुमारे ४.२ डेसिबल वाया जातात. ट्यूनर घराबाहेर नेण्याचा खर्च करूनही फायदा अर्धवट राहतो.

पोषणबिंदूपाशी

ट्यूनर थेट द्विध्रुवाच्या मध्यभागी टांगला की सर्व केबल मेळ बसलेल्या बाजूस राहते आणि तिच्यात केवळ मूळ क्षय होतो. तत्त्वतः ही रचना निर्दोष आहे. व्यवहारात ट्यूनर, पेटी व चोक यांचे वजन तारेवर येते. दोन टोकांच्या आधारावर ताणलेल्या तारेला त्यामुळे झोळ पडतो; म्हणून मध्ये खांब असलेली उलट्या ‘व्ही’ची रचनाच येथे योग्य ठरते. ट्यूनर नादुरुस्त झाल्यास संपूर्ण अँटेना खाली उतरवावा लागतो.

तुलना

पुढील तक्त्यात २०.१ मीटर लांबीचा द्विध्रुव १४.२ मेगाहर्ट्‌झवर वापरला असून त्याचा संरोध ३,००० ओम, प्रेषकापासून पोषणबिंदूपर्यंतचे एकूण अंतर ३० मीटर आणि प्रेषकाची शक्ती १०० वॅट धरली आहे. ट्यूनरमधील स्वतःचा क्षय हिशेबात घेतलेला नाही. आकडे नेहमीच्या क्षय-सूत्राने काढलेले व पूर्णांकात दिलेले आहेत.

| ट्यूनरची जागा | वाहिनी | अँटेनास मिळणारी शक्ती |
|---|---|---|
| प्रेषकाशेजारी | ३० मीटर आरजी-५८ | ८ वॅट |
| प्रेषकाशेजारी | ३० मीटर आरजी-२१३ | १७ वॅट |
| खांबाच्या पायथ्याशी | २० मीटर आरजी-२१३, वर १० मीटर आरजी-२१३ | ३४ वॅट |
| पोषणबिंदूपाशी | ३० मीटर आरजी-२१३ | ८५ वॅट |
| खांबाच्या पायथ्याशी | २० मीटर आरजी-२१३, वर १० मीटर समांतर वाहिनी | ८७ वॅट |
| प्रेषकाशेजारी | ३० मीटर समांतर वाहिनी | ९३ वॅट |

तक्त्यातील शेवटच्या तीन ओळींत फरक नाममात्र आहे. कानाला तो कळणारही नाही. पहिल्या तीन ओळी आणि शेवटच्या तीन ओळी यांच्यात मात्र मोठी दरी आहे. ट्यूनर उंचावर असणे हे महत्त्वाचे नसून, ट्यूनर आणि अँटेना यांच्यामध्ये समाक्ष केबल नसणे हे महत्त्वाचे आहे, असा याचा अर्थ होतो. जमिनीवरून हात पोहोचेल अशा पेटीतील ट्यूनर आणि त्यापासून वर जाणारी समांतर वाहिनी ही जोडी पोषणबिंदूवरील ट्यूनरच्या तोडीस तोड ठरते.

चोक आणि समतोल

द्विध्रुवाच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने तो समतोल अँटेना आहे. समाक्ष केबल असमतोल आहे. दोन्ही सरळ जोडल्यास केबलच्या बाह्य जाळीवरून उच्च वारंवारतेचा प्रवाह घरापर्यंत येतो. त्यामुळे मायक्रोफोनला चटका बसणे, आवाजात घरघर येणे, संगणक अडखळणे असे प्रकार घडतात. उलट दिशेने घरातील व शेतातील विद्युत उपकरणांची खरखर याच जाळीवरून अँटेनापर्यंत पोहोचते.

हा प्रवाह रोखण्यासाठी फेराइटच्या कड्यावर केबल गुंडाळून चोक तयार करतात. ट्यूनर असमतोल प्रकारचा असेल, तर चोक ट्यूनरच्या प्रेषकाकडील बाजूस लावणे अधिक सोयीचे असते. त्या जागी संरोध ५० ओम असल्याने चोकवर ताण कमी येतो. अशा वेळी ट्यूनरची धातूची पेटी खांबापासून विलग ठेवावी लागते. तिचे भू-टोक एका तारेला आणि दुसरे टोक दुसऱ्या तारेला जोडले जाते. ट्यूनरकडे जाणारी विजेची किंवा नियंत्रणाची स्वतंत्र तार असल्यास तीही त्याच प्रकारे फेराइटमधून न्यावी लागते. अन्यथा केबलवर रोखलेला प्रवाह तिच्यावरून वाट काढतो.

वीजपुरवठा

बहुतेक स्वयंचलित ट्यूनर १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतात. हा प्रवाह स्वतंत्र तारेने किंवा विशिष्ट जोडणीद्वारे समाक्ष केबलमधूनच पाठवता येतो. तारेची जाडी येथे दुर्लक्षून चालत नाही. ३० मीटर अंतरावर ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची दुहेरी तार नेल्यास जाण्यायेण्याचा एकूण रोध सुमारे २ ओम होतो आणि १ अँपिअर प्रवाहास २ व्होल्ट दाब वाटेतच पडतो. बॅटरी उतरलेली असताना ट्यूनरमधील रिले यामुळे धड ओढले जात नाहीत. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट सुमारे ०.७ व्होल्ट राहते. काही ट्यूनरमध्ये स्थिती टिकवून धरणारे रिले असतात. त्यांना मेळ शोधण्यापुरतीच वीज लागते.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील उपयोग

बारामती हे शहर पुण्यापासून रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर, कऱ्हा नदीच्या काठी वसले आहे. इंदापूर त्याच्या पूर्वेस सुमारे ५० किलोमीटरवर असून या तालुक्याची उत्तर व पूर्व सीमा भीमा नदी आणि उजनी जलाशयाने वेढलेली आहे. दोन्ही तालुक्यांच्या दक्षिणेकडून नीरा नदी वाहते. हा प्रदेश पर्जन्यछायेत मोडत असला, तरी धरणांतील विसर्गामुळे नद्यांना पूर येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हा नदीवरील नाझरे धरणातून मोठा विसर्ग झाल्याने बारामती शहरातील नदीकाठच्या रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले होते. अशा प्रसंगी वीज आणि मोबाइल मनोरे बंद पडल्यास हौशी रेडिओ हे पर्यायी साधन ठरू शकते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास मदत केली होती.

या अंतरांचे एक वैशिष्ट्य आहे. १४४ मेगाहर्ट्‌झवरील हातातील संच साधारण दृष्टीच्या टप्प्यापर्यंतच पोहोचतात. बारामती ते इंदापूर किंवा बारामती ते पुणे हे अंतर रिपीटरशिवाय त्यांच्या आवाक्याबाहेर राहते. अशा ५० ते ३०० किलोमीटरच्या टापूसाठी लघुलहरी जवळजवळ सरळ वर पाठवून आयनांबरावरून खाली परतवण्याची पद्धत वापरतात. तिच्यासाठी ७ मेगाहर्ट्‌झचा द्विध्रुव फार उंच लागत नाही. ७ ते १० मीटरची उंची पुरते. दिवसा ७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा हे काम करतो. रात्री उशिरा, विशेषतः पहाटेपूर्वी, आयनांबराची घनता घटल्याने ७ मेगाहर्ट्‌झच्या उभ्या लहरी परत येईनाशा होतात आणि ३.५ मेगाहर्ट्‌झकडे वळावे लागते. त्यामुळे दिवसरात्र संपर्क ठेवू पाहणाऱ्या केंद्राला एकाच तारेवर किमान दोन पट्टे आवश्यक ठरतात, आणि ट्यूनरच्या जागेचा प्रश्न येथे केवळ सोयीचा राहत नाही.

तारेची लांबी

२० मीटरचा द्विध्रुव ३.६ मेगाहर्ट्‌झवर चालवताना ट्यूनर कोठेही ठेवला तरी त्याच्या वेटोळ्यातच मोठा क्षय होतो. वेटोळ्याचा गुणांक २०० धरल्यास त्याचा रोध सुमारे ५ ओम येतो. अँटेनाचा रोध १२ ओम असल्याने सुमारे ३० टक्के शक्ती वेटोळे तापवण्यात जाते. शिवाय १०० वॅट शक्तीला त्याच्या टोकांवर २,००० व्होल्टांहून अधिक दाब निर्माण होतो. शेतावर जागेची टंचाई नसते. त्यामुळे तार सुमारे २७ मीटरपर्यंत वाढवणे हा अधिक चांगला उपाय होय. या लांबीस ३.५, ७ आणि १४ मेगाहर्ट्‌झ या तिन्ही पट्ट्यांवर संरोधाची टोके बरीच सौम्य होतात. पोषणबिंदूवर ट्यूनर ठेवावयाचा असल्यास, कोणत्याही वापरातील पट्ट्यावर तारेची प्रत्येक बाजू अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत येणार नाही याची काळजी घ्यावी लागते. तेथे संरोध हजारो ओमवर जातो.

जमीन, पिके आणि तारा

बारामती व इंदापूरच्या कालव्याखालील भागात काळी, ओलावा धरणारी जमीन आणि ऊस आहे. बारामतीच्या वायव्येकडील जिरायती पट्ट्यात मुरूम व खडक आहे. द्विध्रुवाला प्रवाह परत येण्यासाठी जमिनीची गरज नसते. ट्यूनर खांबाच्या पायथ्याशी असला तरी त्याला त्यासाठी भूजोडणी लागत नाही. विजेपासून संरक्षणासाठी लागणारी भूजोडणी मात्र दोन्ही ठिकाणी वेगळी वागते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईभोवतीची माती सुटते. मुरमात सळई खोल जातच नाही. पहिल्या ठिकाणी सळईभोवती पाणी घालत राहणे आणि दुसऱ्या ठिकाणी एकाहून अधिक सळया जोडणे आवश्यक होते.

समांतर वाहिनी द्राक्षबागेच्या मांडवाच्या लोखंडी तारांजवळून किंवा जीआय पाइपला चिकटून नेल्यास तिचा समतोल जातो. दोन तारांमध्ये १० सेंटिमीटर अंतर असल्यास धातूपासून किमान ३० सेंटिमीटर दूर राहणे इष्ट असते. उभा ऊस तीन मीटरच्या पुढे वाढतो; त्यामुळे फडाच्या बांधावर खांब रोवताना अँटेनाची टोके व वाहिनी पाचटाच्या वर राहतील असे पाहावे लागते. तोडणीनंतर पाचट पेटवले जाते, तेव्हा बांधावरील पेटी व केबल जळण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी पेटीभोवतीची काही मीटर जागा मोकळी ठेवणे आणि केबल पाइपमधून जमिनीखाली नेणे योग्य ठरते.

शेतीपंपांना वीज पाळ्यांनी मिळत असल्याने केंद्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालेल अशी व्यवस्था उपयुक्त असते. पंपांचे स्टार्टर, सौर इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे यांपासून लघुलहरींवर बरीच खरखर येते. ट्यूनर ती कमी करू शकत नाही. चोक आणि पंपघरापासूनचे अंतर यांनीच ती कमी होते.

ऊन, पाऊस आणि जीवजंतू

एप्रिल-मे महिन्यांत या भागातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उघड्या उन्हातील बंद पेटीच्या आत ते आणखी वाढते. पायथ्याची पेटी खांबाच्या उत्तर बाजूस, शक्यतो सावलीत आणि फिकट रंगाची असावी. रात्रीच्या गारव्याने आत साचणारे दव बाहेर पडण्यासाठी तळाशी छिद्र ठेवतात. त्याला बारीक जाळी नसेल तर मुंग्या, पाली व गांधीलमाश्या आत घर करतात. उच्च दाबाच्या टोकांवर अडकलेली एक पालही रिले निकामी करण्यास पुरेशी असते. केबलचे जोड जलरोधक पट्टीने गुंडाळले नाहीत, तर पहिल्या पावसात पाणी जाळीत उतरते आणि केबलचा क्षय हळूहळू वाढत जातो. या बिघाडातही मापकावरील गुणोत्तर सुधारल्यासारखे दिसते.

सुरक्षितता

वळवाच्या आणि परतीच्या पावसात या भागात विजांचा कडकडाट मोठा असतो. वापर नसताना अँटेना सोडवून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पायथ्याशी ट्यूनर असेल तर समांतर वाहिनी तेथेच सोडवून खटक्याच्या साहाय्याने भूमीला जोडता येते आणि ट्यूनरही वाचतो. पोषणबिंदूवरील ट्यूनरला ही सोय नसते. घराकडील केबल सोडवली तरी तो वर उघडाच राहतो. वादळ जवळ आल्यावर बाहेर जाऊन जोडण्या सोडवणे धोक्याचे असल्याने हे काम आकाश भरून येण्यापूर्वीच उरकावे लागते. घरात शिरणाऱ्या केबलवर वायूभरित संरक्षक नळी बसवून ती भूजोडणीस जोडतात.

खांब उभारताना किंवा उतरवताना तो अथवा त्यावरील तार कोणत्याही दिशेने पडली तरी वीजवाहिनीस स्पर्श होणार नाही, इतके अंतर राखणे अनिवार्य आहे. शेतांवरून जाणाऱ्या ११ किलोव्होल्टच्या वाहिन्यांबाबत हा नियम विशेष महत्त्वाचा आहे. ट्यूनरची टोके आणि समांतर वाहिनी यांवर प्रक्षेपणाच्या वेळी शेकडो ते हजारो व्होल्ट असतात. त्यामुळे पायथ्याच्या पेटीस कुलूप असावे आणि वाहिनी माणसांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर असावी.

वापर

भारतात हौशी रेडिओसाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परवानगी आवश्यक असते. या सेवेचे नियम १९७८ साली करण्यात आले व पुढे त्यांत बदल झाले. प्रथम परीक्षा उत्तीर्ण होऊन चालकाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यानंतर परवान्याबरोबर ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे संबोधनचिन्ह दिले जाते.

ट्यूनर लावताना प्रथम वारंवारता मोकळी आहे की नाही हे ऐकून घेतात, मग १० ते २० वॅट एवढ्या अल्प शक्तीवर मेळ शोधून नंतर पूर्ण शक्ती देतात. पूर्ण शक्तीवर रिले बदलल्यास त्यांच्या टोकांवर ठिणग्या पडून ते खराब होतात. पायथ्याच्या ट्यूनरला एखाद्या पट्ट्यावर मेळ सापडत नसल्यास समांतर वाहिनीची लांबी एक-दोन मीटरने कमीजास्त करतात. वाहिनीच्या लांबीनुसार तिच्या खालच्या टोकाशी दिसणारा संरोध बदलत असल्याने हा उपाय बहुधा लागू पडतो.

सामान्य गैरसमज

ट्यूनर अँटेनाला जुळवतो, हा सर्वाधिक आढळणारा समज आहे. वस्तुतः ट्यूनर अँटेनात काहीही बदल करत नाही. आपल्या जागी दिसणारा संरोध तो प्रेषकास मानवेल असा करतो. मापकावर एक हा आकडा दिसला म्हणजे सर्व शक्ती अँटेनात गेली, हा समजही त्यातूनच येतो. ५० ओमचा भार रोध प्रेषकाला जोडला तरी तोच आकडा दिसतो, मात्र त्यातून हवेत काहीच जात नाही.

याउलट, स्थायी तरंग गुणोत्तर थोडे जरी वाढले तरी मोठे नुकसान होते, ही भीतीही अनाठायी आहे. कमी क्षयाच्या वाहिनीवर ६ किंवा ७ हे गुणोत्तर निरुपद्रवी असते, आणि समाक्ष केबलवरही लघुलहरींच्या खालच्या पट्ट्यांत २ च्या आतील गुणोत्तरासाठी ट्यूनर हलवण्याची गरज नसते. एकाच पट्ट्यावर काम करणाऱ्या केंद्राने दूरस्थ ट्यूनरवर खर्च करण्याऐवजी द्विध्रुवाची लांबी नीट कापून घेणे अधिक हिताचे असते.